माझी बॅग विमानात चढली नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं

प्रति,
मुंबईहून परदेशी उड्डाणं करणाऱ्या विमान कंपन्यांचे व्यवस्थापक आणि सामान विभागाचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

गेल्या जूनमधल्या एका शनिवारी दुपारी मी एडिंबरा विमानतळावर सामानाच्या बेल्टपाशी पन्नास मिनिटं उभी होते. नवऱ्याची सुटकेस आली. माझी सुटकेस आणि आमच्या दोघांच्या गोल्फ बॅगा आल्या नाहीत. गोल्फची बॅग लांबडी असल्यामुळे बेल्टवर येत नाही, बाजूच्या दारातून माणूस ढकलत आणतो. त्यामुळे बेल्ट ते दार आणि दार ते बेल्ट अशा माझ्या फेऱ्या चालल्या होत्या. शेवटी बेल्ट थांबला, वरच्या पाटीवरून आमच्या विमानाचा क्रमांक गेला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की आपलं सामान आलेलंच नाही.

मला तेव्हा कळलं. तुमच्या यंत्रणेला ते अडीच तास आधीपासून ठाऊक होतं. या पत्रात मला मुख्यतः एवढंच म्हणायचं आहे, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

बॅगेला तुम्ही जो कागदी टॅग लावता त्यावर १० आकडी क्रमांक असतो. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा ठराव ७५३ हा १ जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सदस्य कंपनीने प्रत्येक बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची असते : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, पुढच्या विमानासाठी सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. सुरक्षेचा नियम त्याहून जुना आहे. बॅग दिलेला प्रवासी विमानात चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात, त्यापायी विमान खोळंबलेलं अनेकांनी अनुभवलं असेल. म्हणजे कोणाची बॅग विमानाच्या पोटात आहे आणि कोणाची नाही, याचा हिशेब दार बंद होण्याआधी तुमच्याकडे असतो. मग ज्याची बॅग आहे त्यालाच तो का सांगत नाही?

चुका होतात, हे मला मान्य आहे. विमानतळांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या सीटा या संस्थेच्या अहवालांनुसार २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगांचा घोळ होत असे, २०२४ मध्ये तो आकडा ६.३ वर आला. ही फार मोठी सुधारणा आहे. ज्या माणसांनी पहाटे, पावसात, वाकून बॅगा उचलून ती घडवली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. उशीर झालेल्या बॅगांमागे सर्वांत मोठं कारण विमान बदलणं हेच आहे, सुमारे ४१ टक्के, असंही तोच अहवाल सांगतो. आमच्या तिकिटावर विमान बदलायला १ तास ३५ मिनिटं दिलेली होती. दोन वेगळी तिकिटं मी जोडलेली नव्हती, कंपनीनेच ते एकसंध विकलं होतं. पहिलं विमान ४० मिनिटं उशिरा उतरलं. आम्ही धावत पोचलो, बॅगा पोचल्या नाहीत. इथवर मी समजू शकते. त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या अनेकांना निरनिराळ्या कंपन्यांकडून हाच अनुभव आला आहे, आणि प्रत्येकाला बातमी बेल्ट थांबल्यावरच कळली आहे.

‘आधी सांगितलं असतं तर काय फरक पडला असता?’ असं मला तक्रारीच्या फोनवर विचारलं गेलं. त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

मी डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घ्यायला गेले की आजी हळूच तो हात मागे सारायची. शाळेत पेन्सिल उजव्या हातात दिली गेली आणि ती तिथेच राहिली. एक्केचाळिसाव्या वर्षी पुण्यात गोल्फ शिकायला गेले तेव्हा मात्र मला अडवणारं कोणी नव्हतं. शिकवणाऱ्या सरांनी डाव्या हाताचा एक जुना आयर्न, म्हणजे चेंडू मारायचा धातूच्या पात्याचा क्लब (काठी), आणून दिला, आणि चाळीस वर्षं बांधून ठेवलेलं काहीतरी सुटं झाल्यासारखं वाटलं. आज मी सत्तावन्न वर्षांची आहे. माझी उंची ५ फूट १ इंच. माझा सेट डाव्या हाताचा, आखूड, हलक्या दांड्यांचा, एकेक क्लब शोधून जमवलेला आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या पुरुषाला स्कॉटलंडमध्ये भाड्याचा सेट सहज मिळतो, माझ्या नवऱ्याला तो मिळाला. डाव्या हाताचे सेट मोजके असतात, आणि बायकांच्या मापाचे डावे सेट त्याहूनही कमी. आम्ही विचारलं तेव्हा कळलं की सेंट अँड्र्यूज या गावातल्या एका दुकानात असा एक सेट होता. शनिवारी पाच वाजेपर्यंत होता. आम्ही पोचलो तोवर एक अमेरिकन बाई तो आठवडाभरासाठी घेऊन गेल्या होत्या.

आमचं विमान १ वाजून ४० मिनिटांनी उतरलं. फोन चालू करताच ‘तुमच्या तीन बॅगा या विमानात नाहीत’ एवढा एक संदेश असता, तर मी तिथूनच दुकानांना फोन लावले असते. त्याऐवजी पन्नास मिनिटं बेल्टपाशी गेली आणि सव्वा तास तक्रारीच्या रांगेत. गाडी घेऊन क्वीन्सफेरीचा पूल ओलांडून फाइफ परगण्यात शिरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. त्या एका संदेशाची किंमत माझ्यासाठी अख्ख्या सुट्टीएवढी होती.

क्लब स्वतःजवळ ठेवायचे होते, असंही कोणी म्हणू नये. सुरक्षेच्या नियमांप्रमाणे ते केबिनमध्ये नेताच येत नाहीत. तुमच्या हाती सोपवणं हा एकच मार्ग आम्हाला मोकळा आहे.

त्या रांगेत आमच्या पुढे साताऱ्याकडचं एक जोडपं होतं. साठी ओलांडलेली आई आणि तिचे यजमान, मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला निघालेले. त्यांची एक बॅग आली होती, दुसरी नाही. न आलेल्या बॅगेत जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी, कुंची, टोपरी, बाळंतशोपा, ओवा असं सगळं होतं. काउंटरवरची मुलगी नम्र होती, पण फॉर्म इंग्रजीत, आणि तिने समोर धरलेल्या कार्डावर बॅगांची चित्रं. ‘यातली कुठली?’ काकूंनी बोट ठेवलं, मग पुन्हा काढून घेतलं. शेवटी मी त्यांचा फॉर्म भरला. ‘बॅगेतील वस्तू’ या रकान्यात कुंचीला काय म्हणायचं ते मला सुचेना. बाळाची टोपी असं लिहिलं. आपल्या मुंबईहून निघणाऱ्या विमानात मराठी, गुजराती, तेलुगू बोलणारी अशी कितीतरी माणसं असतात, त्यातली अनेक आयुष्यात पहिल्यांदा उडत असतात. हा फॉर्म त्यांच्या भाषेत नसण्याचं कोणतंही कारण मला दिसत नाही. जेवणाचं कार्ड तुम्ही छापता, हेही छापता येईल.

माझ्या गोल्फ बॅगेच्या कप्प्यात नाण्याएवढा ट्रॅकर होता. मधल्या विमानतळावर, आम्ही जिथे विमान बदललं तिथेच ती बॅग आहे, हे फोनवर दिसत होतं. काउंटरवर दाखवलं. ‘आमच्या सिस्टिममध्ये फक्त शोध चालू आहे एवढंच दिसतं,’ असं उत्तर मिळालं. तिथल्या मुलीचा काही दोष नव्हता. पण २०२४ च्या अखेरीस ॲपलने ट्रॅकरचं ठिकाण विमान कंपनीला थेट कळवण्याची सोय दिली आणि अनेक कंपन्या ती स्वीकारतात. ज्या अजून स्वीकारत नाहीत त्यांनी यात आता वेळ दवडू नये.

आम्ही राहणार होतो ते घर क्रेल या गावाबाहेर, शेतांच्या मधोमध. फाइफच्या या पूर्व किनाऱ्यावर लहान लहान बंदरांची गावं आहेत, लाल कौलांची घरं, मागे बटाट्याची आणि बार्लीची शेतं, दगडी कुंपणं, आणि थेट समुद्रात उतरणारी कुरणं. समोर आइल ऑफ मे हे बेट दिसतं. सकाळी चंडोल गात असतात आणि ते वर कुठे आहेत ते सापडत नाही. दुपारी कधीकधी समुद्रावरून धुकं येतं, तिथले लोक त्याला हार म्हणतात, आणि दहा मिनिटांत समोरची गाय दिसेनाशी होते. अशा ठिकाणी अंगावरच्या कपड्यांनिशी जाणं शहरात जाण्यासारखं नसतं. जवळचं कपड्यांचं दुकान सोळा किलोमीटरवर. पावसाळी जाकीट, बूट, लोकरीचे मोजे, सगळं त्या बॅगेत. पहिले दोन दिवस मी घरमालकीणबाईंचे रबरी बूट आणि नवऱ्याचा स्वेटर घालून वावरले.

रविवारी सेंट अँड्र्यूजला गेलो. ओल्ड कोर्स या तिथल्या जगप्रसिद्ध गोल्फ मैदानावर रविवारी खेळ बंद असतो आणि मैदान गावाचं होतं. लोक कुत्री घेऊन फिरतात, मुलं स्विल्कन पुलावर चढून फोटो काढतात. हे मैदान कोणा धनिकाच्या मालकीचं नाही, १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने नेमलेलं विश्वस्त मंडळ त्याचा कारभार पाहतं. गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असं मानणाऱ्या मराठी वाचकांनी तो रविवार पाहावा असं मला मनापासून वाटतं. तिथे एक गोष्टही सांगतात. १८४० च्या दशकात गावातल्या एका घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली. ती गटापर्चा या रबरासारख्या चिकात गुंडाळलेली होती, आणि घरातल्या तरुण मुलाने त्या चिकाचे गोळे करून पहिले नवे चेंडू बनवले. गोष्ट कितपत खरी याची खात्री कोणी देत नाही. पण गटापर्चाचे स्वस्त चेंडू आले आणि पिसं भरलेल्या महाग चामडी चेंडूंचे दिवस गेले, हा इतिहास आहे. आपल्याकडच्या देवाचं नाव त्या गावाच्या तोंडी ऐकून मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

सोमवारी क्रेलमध्ये बाल्कोमीच्या मैदानावर आमची वेळ ठरलेली होती. १७८६ मध्ये स्थापन झालेली ही गोल्फ सोसायटी, आणि ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या काळच्या नामवंत गोल्फपटूने आखून दिलेलं, १८९५ मध्ये सुरू झालेलं मैदान. नवरा खेळला. मी त्याच्याबरोबर अठरा होल चालले, झेंडा धरला, वाळूवर दाताळं फिरवलं. दुपारी फोन आला की बुधवारी ओल्ड कोर्सवर खेळायला मिळण्याच्या सोडतीत आमची नावं निघाली आहेत. ही सोडत दोन दिवस आधी निघते, जगभरातून लोक त्यासाठी नशीब आजमावतात, आणि कितीतरी जण आठवडाभर रोज नाव घालून रिकाम्या हाताने परततात. माझं नाव निघालं होतं आणि माझ्या हातात क्लब नव्हता. इतका आनंद आणि इतकी हतबलता मी एकाच क्षणी यापूर्वी अनुभवली नव्हती.

मला खेळता आलं ते गावकऱ्यांमुळे. घरमालकीणबाईंनी एकाला विचारलं, त्याने दुसऱ्याला, आणि मंगळवारी सकाळी ऐंशीच्या घरातले एक डावखुरे गृहस्थ आपल्या जुन्या सेटमधले सात क्लब घेऊन दारात आले. नियमाने चौदापर्यंत ठेवता येतात. सात पुष्कळ झाले. ते पुरुषी मापाचे, जड आणि लांब होते. मी मूठ खाली सरकवून धरायला शिकले. इली या गावच्या मैदानावर पहिला फटका टेकडीपलीकडे मारायचा असतो. पुढे कोणी उभं नाही ना, हे पाहायला तिथे एक्सकॅलिबर या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलेला आहे. त्यातून मी पलीकडचं हिरवं मैदान पाहिलं आणि उसन्या क्लबने चेंडू मारला.

बुधवारी ओल्ड कोर्स खेळले. सतराव्या होलला, रोड होलला, माझा चेंडू रस्त्यावर न जाता थांबला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी जो खेळ सोळा वर्षं घडवला, तो त्या मैदानावर माझ्या हातून झाला नाही. माझ्या मापाचा ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याचा क्लब, माझा पटर, ज्याने मी हजारो वेळा तीन फुटांवरून चेंडू आत घातला, ते त्या दिवशी दुसरीकडेच होते. कुठे होते तेही सांगते.

अकराव्या होलच्या आसपास मी फोन पाहिला. ट्रॅकर दाखवत होता की बॅग क्रेलजवळच्या शेतरस्त्यावर आहे, आमच्या घरापासून फार तर सहाशे मीटरवर. मला वाटलं, आली! संध्याकाळी घरी पोचलो तर काहीच नाही. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून व्हॅन परत गेली होती. खेड्यात एका पोस्टकोडात चार शेतं असतात. ड्रायव्हर दुसऱ्याच फाटकापाशी थांबला, माझ्या भारतातल्या क्रमांकावर फोन केला, आणि मैदानावर मला तो लागला नाही. मी फॉर्मवर घरमालकीणबाईंचा स्थानिक क्रमांक दिला होता, घराचं नाव दिलं होतं, वळणावरची दुधाच्या डब्यांची खूण लिहिली होती. बाई दिवसभर घरी होत्या. पण ती माहिती तुमच्या काउंटरपासून व्हॅनपर्यंत पोचलीच नव्हती, ड्रायव्हरच्या यंत्रावर फक्त पोस्टकोड आणि एक फोन नंबर होता, असं त्यानेच नंतर सांगितलं.

गुरुवारी रात्री पावणेनऊला बॅगा आल्या. तिथे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. मी मागच्या कुरणात उभी राहून माझ्या सेटने अकरा चेंडू मारले, मग ते वेचून आणले आणि बॅग पुन्हा बांधली. शुक्रवारी सकाळचं विमान होतं.

आता पैशांचं. १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. सामानाला उशीर झाल्याने होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी त्यात विमान कंपनीवर आहे. ते टाळण्यासाठी वाजवी असं सगळं केलं होतं हे कंपनीने सिद्ध केलं तरच ती सुटते. २८ डिसेंबर २०२४ पासून कमाल मर्यादा प्रवाशामागे १५१९ एसडीआर आहे, एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत हे पावणेदोन लाखांच्या आसपास जातं. मी मागितले ते त्याच्या जवळपासही नव्हते : पावसाळी जाकीट, बूट, दोन जोड कपडे आणि नवऱ्याच्या सेटचं भाडं. उत्तर आलं की कपड्यांचे निम्मे देऊ, खेळाचं साहित्य ‘अत्यावश्यक’ नाही. करारात अत्यावश्यक असा शब्दच नाही. तिथे नुकसान हा शब्द आहे. गोल्फ खेळायला निघालेल्या माणसाचे क्लब अडकले तर त्याचं नुकसान क्लब भाड्याने घेण्याएवढं आहे, याहून साधा हिशेब कोणता? आणि तुम्ही ती बॅग खेळाचं साहित्य म्हणून वेगळी नोंदवून घेतली होती.

इथे वाचणाऱ्या प्रवाशांना एक सांगून ठेवते, कारण मलाही ते वेळेवर एका वकील मैत्रिणीने सांगितलं. विमानतळावर भरलेला फॉर्म पुरेसा समजू नका. बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत कंपनीकडे वेगळी लेखी तक्रार करायला हवी. बॅगेची मोडतोड असेल तर सातच दिवस. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून हक्क सांगता येतो, आणि न्यायालयात जायला दोन वर्षं असतात. पावत्या जपा, टॅग फाडू नका. खरं तर ही माहिती काउंटरवरच्या कागदावर हवी होती.

मला तुमच्याकडून हवं आहे ते खर्चिक नाही. बॅग चढली नाही असं नोंदलं गेलं की त्याच मिनिटाला प्रवाशाच्या फोनवर संदेश जाऊ द्या, आणि विमान हवेत असेल तर उतरण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी जागेवर येऊन सांगावं. बॅगेच्या मालकाने दिलेला पत्ता आणि स्थानिक फोन जसाच्या तसा व्हॅनपर्यंत पोचावा. खेळाचं साहित्य किंवा वाद्य उशिरा येणार असेल तर भाड्याने घेण्याची परवानगी तिथल्या तिथे लेखी मिळावी, म्हणजे सहा महिने ईमेल लिहीत बसावं लागणार नाही. यातली पहिली गोष्ट करायला नवं यंत्रही लागत नाही. नोंद आहे, फोन नंबर आहे.

साताऱ्याच्या काकूंशी माझं अजून बोलणं होतं. त्यांची बॅग नवव्या दिवशी आली. नात त्याआधीच झाली होती. बारशाच्या फोटोत तिच्या डोक्यावर ती कुंची आहे.

आमच्या तिन्ही बॅगांच्या टॅगचे क्रमांक, उड्डाणांचे तपशील आणि पावत्या मी संबंधित कंपनीला स्वतंत्र पत्राने पाठवल्या आहेत. त्या बॅगा विमानात चढल्या नाहीत ही नोंद तुमच्या यंत्रणेत त्या शनिवारी नेमकी किती वाजता झाली, ती वेळ मला लेखी कळवावी.

कळावे,
आपली,
पुण्याची एक डावखुरी गोल्फ खेळाडू